आधी शुद्ध लिहायला शीक!

मराठीत इंटरनेटवर काहीही लिहा, एक प्रतिसाद ठरलेला असतो. एसटीच्या हालांवर लिहा, कापसाच्या भावावर लिहा, ब्रेकअपवर लिहा. कुणीतरी येणार आणि म्हणणार, 'आधी शुद्ध लिहायला शीक.' कधी नुसताच बरोबर शब्द आणि त्याच्यापुढे एक चांदणी. कधी 'पानी नाही रे भावा, पाणी!' आणि पुढे हसून हसून रडणारे तीन इमोजी. मूळ पोस्टपेक्षा या प्रतिसादालाच जास्त लाइक मिळतात. मग खाली न आणि ण वर पंचवीस जण भांडतात आणि कापसाचा भाव तिथेच राहतो.

दुसऱ्याचं मराठी सुधारायचा हक्क आपल्याला कुठून मिळतो, आणि तो कधी वापरावा, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतोय. वरवर पाहता तो शिष्टाचाराचा वाटतो. टोकावं की टोकू नये, एवढाच. मला मात्र तो नैतिक प्रश्न वाटतो, कारण कोण लिहीत राहणार आणि कोण गप्प बसणार हे त्याच्या उत्तरावर ठरतं.

आधीच सांगतो, चुका काढण्याला माझा विरोध नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढणं आणि स्वतःच्या कोडमधल्या काढून घेणं, यात माझा निम्मा दिवस जातो. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर काय होतं, हे मला पगारी अनुभवानं माहीत आहे. त्यामुळे 'भावना पोचल्या की झालं, शुद्धलेखन कशाला' हे वाक्यही मला पटत नाही. वाचणाऱ्यासाठी कष्ट घ्यायचे नसतात तेव्हा हे वाक्य फार सोयीचं पडतं. पण चूक काढायची तर आधी ती चूक आहे का, आणि असली तर कुणाची, हे तपासावं लागतं. आमच्या धंद्यात याला डीबगिंग म्हणतात. प्रतिसादांच्या खिडकीत ते कुणी करत नाही.

चूक कुणाची?

आपण ज्याला सरसकट 'अशुद्ध' म्हणतो, त्यात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात.

पहिली चूक यंत्राची. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी मोबाइलवर मराठी लिहायला सुरुवात केली ती इंग्रजी अक्षरांत. त्यावरून आम्ही भरपूर बोलणी खाल्ली. पण त्यात आळसापेक्षा हिशेब जास्त होता. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरं सात बिटांत बसतात, म्हणून १६० अक्षरांचा मेसेज जातो. देवनागरीत लिहिलं की प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात आणि मेसेज ७० चिन्हांवर संपतो. त्यातही काना, मात्रा, वेलांटी ही सगळी स्वतंत्र चिन्हं म्हणून मोजली जातात. म्हणजे तोच मजकूर आईच्या लिपीत पाठवायचा तर दोन-तीन मेसेजचे पैसे. वर समोरच्याच्या साध्या फोनवर नुसते चौकोन दिसण्याची शक्यता. ज्याला आपण पिढीचं अधःपतन म्हणत होतो, त्यात बराचसा भाग दरपत्रकाचा होता.

आज टचस्क्रीन आहे, युनिकोड आहे, तरी यंत्र पूर्ण सुटलेलं नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचार्यांना' बोलावलं तर गुरुजी येतात, 'आचाऱ्यांना' बोलावलं तर स्वयंपाक होतो. हा फरक दाखवणारा अर्धा र युनिकोडमध्ये दोन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिता येतो, आणि कीबोर्डवर तो नेमका कुठे आहे हे हुडकावं लागतं. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्याआधी अ वर चंद्र चढवून काम भागवायचं, आणि आजही कितीतरी ठिकाणी तसंच लिहिलेलं सापडतं. माणसाच्या डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. अशा यंत्रावर बसमध्ये उभ्यानं, एका अंगठ्यानं लिहिणाऱ्याची वेलांटी चुकली, तर त्यावरून त्याच्या मातृभाषाप्रेमाचं मोजमाप करणं जरा घाईचं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे बदललेला नियम. जुनी मराठी पुस्तकं किंवा घरातली जुनी पत्रं काढून बघा. 'नांव', 'पांच', 'घरांत', 'करणें' असं पानोपानी दिसेल. तेव्हा ते शुद्ध होतं. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये त्यात आणखी ४ नियमांची भर पडली, आणि उच्चारात नसलेले बरेच अनुस्वार निघून गेले. पणजोबांनी एक अक्षरही न बदलता त्यांचं लेखन शुद्धाचं अशुद्ध झालं. यात नियमांचा अपमान करायचा नाही. रस्त्यावर डावीकडून चालायचं की उजवीकडून, हे कुठंतरी ठरवावं लागतंच. पण डावीकडून चालणारा माणूस उजवीकडून चालणाऱ्यापेक्षा चारित्र्यवान असतो, असं आपण म्हणत नाही. लेखनाच्या बाबतीत मात्र सर्रास म्हणतो.

'पानी' ही चूक नाही

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. 'पानी' ही चूकच नाही.

चूक कशाला म्हणायचं? मी एकदा 'पाणी' लिहिलं, एकदा 'पानि' लिहिलं, एकदा 'पाणि' लिहिलं, तर ती चूक. तिच्यात नियम नसतो. खानदेशात, विदर्भात, मराठवाड्याच्या कितीतरी भागांत लाखो माणसं 'पानी', 'लोनी', 'कोन' असं म्हणतात, तेव्हा ती रोज, न चुकता, तसंच म्हणतात. ण च्या जागी न येतो. वऱ्हाडीत आणि लेवा बोलीत ळ च्या जागी य येतो: डोळा होतो डोया, काळा होतो काया. तोच शब्द घाला, तेच उत्तर येणार. प्रोग्रामिंगमध्ये अशा गोष्टीला आम्ही फंक्शन म्हणतो, बग म्हणत नाही.

आणि या ण ची गंमत तर पुढे आहे. 'पाणी' हा शब्द आला संस्कृतातल्या 'पानीय' वरून. तिथं न आहे. प्राकृतात त्याचं झालं 'पाणिअ' आणि तिथून आपलं 'पाणी'. महाराष्ट्री प्राकृताला ण चं एवढं वेड होतं, की 'नयन' चं 'णअण' आणि 'नगर' चं 'णअर' व्हायचं. त्या काळी एखाद्या संस्कृत पंडिताला प्रतिसादांची खिडकी मिळाली असती, तर त्यानं काय लिहिलं असतं? 'णअण नाही रे, नयन. आधी शुद्ध लिहायला शीक.' ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाचे स्टेटस ठेवले. त्या मागणीच्या मुळाशी जे जुने पुरावे होते, त्यांत याच महाराष्ट्री प्राकृतातली 'गाथासप्तशती' ठळक होती. म्हणजे एकेकाळच्या 'अशुद्ध' ण च्या जोरावर आपण अभिजात झालो, आणि आता त्याच ण च्या जोरावर जळगावच्या माणसाला हसतो.

आपल्या रागाची दिशाही बघा. 'मीटिंग रीशेड्यूल केलीये, लिंक फॉरवर्ड करते' या वाक्यात मराठी शब्द शोधायला भिंग लागेल. त्याला कुणी हसत नाही. 'पानी आनतो' या वाक्यात एकही परका शब्द नाही. त्याला सगळे हसतात. आपल्याला भाषेच्या शुद्धतेची खरंच काळजी असती, तर हे उलटं व्हायला हवं होतं. पहिलं वाक्य बोलणारा आपल्याला आपल्यापेक्षा वरचा वाटतो आणि दुसरं बोलणारा खालचा. आपण हसतो ते त्या पायरीला. ण हे फक्त निमित्त.

एक आवाज कमी होतो

माझी एक आत्या जळगाव जिल्ह्यातल्या गावात राहते. आमच्या घरच्या ग्रुपवर ती पूर्वी लांबलचक लिहायची. केळीचे घड कापायला कोण आलं होतं, व्यापाऱ्यानं कसा भाव पाडला, शेजारच्या बाईच्या सुनेनं सासूला कसं सरळ केलं. ती बोलते तसंच लिहायची, न आणि य सकट. एक दिवस पुण्यातल्या भाच्यानं लिहिलं, 'आत्या, केयी काय गं? केळी! ळ ळ ळ!' सगळे हसले. आत्याही हसली. 'बरं बापा' एवढं तिनं लिहिलं.

त्यानंतर तिच्याकडून येतात ते सकाळचे गुलाब आणि जोडलेले हात. फोटो दुसऱ्यानं बनवलेले, अक्षरं दुसऱ्यानं लिहिलेली, सगळं शुद्ध. मी एकदा फोनवर विचारलं, तर म्हणाली, 'आता तुमी शिकेल लोकं, तुमच्यात आमी काय लिहावं!'

त्या भाच्याचं आत्यावर मनापासून प्रेम आहे. तिच्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर दवाखान्यात तोच बसला होता. त्याच्या मनात तिला गप्प करायचं नव्हतं. तिला आता लिही म्हटलं, तर कुणाचीच ना नाही. तरीही एक माणूस लिहायचं थांबलं. ज्यात कुणी दुष्ट नाही आणि नुकसान मात्र झालं आहे, असे प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतात. दुष्ट माणसाला निदान ब्लॉक करता येतं.

आमच्या ग्रुपपुरतं हे नुकसान लहान वाटेल. मोठ्या मापावर ते कसं दिसतं, याचं उदाहरण खानदेशातच आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी रचलं ते सोपानदेवांनी आणि घरच्यांनी उतरवून घेतलं, आणि बहिणाबाई गेल्यावर, १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्या कविता पुस्तकरूपानं आल्या. न आणि य जसेच्या तसे. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. उतरवून घेणाऱ्यांनी प्रत्येक ओळीला 'आई, डोया नाही गं, डोळा' असं म्हटलं असतं, तर मराठीकडे आज एक कवयित्री कमी असती आणि तिची जागा रिकामी आहे हे आपल्याला कळलंही नसतं. गप्प बसलेल्या माणसांची यादी कुठेच नसते.

दीडशे वर्षांपूर्वीचा ट्रोल

ही सवय इंटरनेटनं लावलेली नाही. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली, आणि तिच्यात पुढे फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला. फुल्यांनी विचारलेले प्रश्न साधे आणि जळजळीत होते: शेतात राबणाऱ्याला शिक्षण का नाही, जन्मावरून माणूस हलका का ठरतो. चिपळूणकरांनी जोर लावला त्यात मोठा वाटा फुल्यांच्या व्याकरणाची आणि भाषेची टिंगल करण्याचा होता. चिपळूणकर हे मराठी गद्याचे मोठे शिल्पकार, यात वाद नाही. म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचं आहे. भाषेवर एवढी हुकमत असलेल्या माणसालाही समोरच्याचं म्हणणं टाळायला व्याकरणाचा आडोसा घ्यावासा वाटला.

पुढे १८८५ मध्ये पुण्यात भरणाऱ्या ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण फुल्यांना आलं. त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. ज्यांना आमचे हक्कच मनापासून मान्य नाहीत, त्यांच्या सभेशी आणि पुस्तकांशी आमच्या सभेचा आणि पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. फुले गप्प बसले नाहीत, कारण ते फुले होते. आपल्या आजूबाजूला बहुतेक जण फुले नसतात. ते 'बरं बापा' म्हणतात आणि गुलाबाचे फोटो पाठवू लागतात.

पाठवताना काटेकोर, घेताना उदार

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. इंटरनेट उभं राहत होतं तेव्हा वेगवेगळ्या लोकांनी बनवलेली वेगवेगळी यंत्रं एकमेकांशी बोलायला लागली. प्रत्येकाची बोली थोडी वेगळी. १९८० मध्ये जॉन पोस्टेल या संगणकशास्त्रज्ञानं टीसीपी या नियमावलीच्या मसुद्यात एक तत्त्व घातलं. त्याचा सारांश असा: तुम्ही पाठवाल ते काटेकोर पाठवा, समोरून येईल ते उदारपणे स्वीकारा. समोरच्या यंत्रानं किरकोळ गडबड केली आणि अर्थ कळतोय, तर दार आपटू नका. इंटरनेट टिकलं त्यात या स्वभावाचा मोठा वाटा आहे.

मला हे तत्त्व यंत्रांपेक्षा माणसांना जास्त लागू वाटतं. यात नियम आहे, कठोर नियम आहे. फक्त तो दोन दिशांना दोन प्रकारे लागतो. काटेकोरपणा स्वतःसाठी, उदारपणा दुसऱ्यासाठी. आपण ऑनलाइन याच्या बरोबर उलटं करतो. स्वतः 'चालतंय' म्हणत धडाधड लिहितो आणि दुसऱ्याची वेलांटी मोजतो.

पण हे तत्त्व फुकट नाही, हेही सांगायला हवं. नव्वदच्या दशकात ब्राउझर इतके उदार झाले, की कसलंही तुटकंफुटकं एचटीएमएल त्यांनी चालवून घेतलं. प्रत्येकानं आपापला अंदाज लावला. एकाच पानाचे वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये वेगवेगळे अवतार दिसू लागले. २०२३ मध्ये तर इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या मंडळींनी एक दस्तऐवज काढून या उदारपणाचे तोटे नीट मांडले. 'सगळं चालतं' असं म्हटलं की शेवटी कुणाचंच कुणाला कळेनासं होतं. प्रमाणभाषेची बाजू घेणारे हेच म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. गडचिरोली ते सिंधुदुर्ग सगळ्यांना एकच परिपत्रक कळायचं, तर कुठंतरी एक सामाईक भाषा लागणारच.

मग वेबवाल्यांनी काय केलं? आधी कडक उपाय करून पाहिला. २००० साली एक्सएचटीएमएल आलं. त्याच्या नियमानं पानात एक खूण चुकली, की वाचकाला पानाऐवजी त्रुटीचा संदेश दिसणार. अख्खा लेख एका कंसासाठी गायब! लोकांनी ते मनावर घेतलंच नाही. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीवरचं काम २००९ मध्ये बंद करण्यात आलं. टिकलं ते एचटीएमएल ५, जे २०१४ मध्ये अधिकृत शिफारस म्हणून आलं. त्यानं चुकांना माफीही दिली नाही आणि फाशीही. चुकीचं एचटीएमएल समोर आलं तर ते कसं वाचायचं, याचेच सविस्तर नियम लिहून काढले. लिहिणाऱ्यांसाठी शुद्ध रूप ठरलेलंच होतं. वाचणाऱ्या यंत्रांवर मात्र जबाबदारी टाकली: अशुद्ध समोर आलं तरी तुम्ही ते समजून घ्या, आणि सगळ्यांनी सारखंच समजून घ्या.

हे करणाऱ्यांनी २००७ मध्येच एक प्राधान्यक्रम लिहून ठेवला होता. हितसंबंधांची टक्कर झाली तर आधी वापरणाऱ्याचा विचार करा, मग पान लिहिणाऱ्याचा, मग ब्राउझर बनवणाऱ्याचा, मग नियम लिहिणाऱ्याचा, आणि सगळ्यात शेवटी तात्त्विक शुद्धतेचा. हा क्रम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमचे शुद्धलेखनाचे वाद आठवले. आम्ही ही यादी खालून वर वाचतो.

या क्रमामागचं कारण मला न्यायाचं वाटतं. पानं लिहिणारे कोट्यवधी होते, त्यातले बहुतेक हौशी. ब्राउझर बनवणारे मूठभर, हुशार आणि पगारी. मग कष्ट कुणी उचलावेत? ज्याला ते झेपतात त्यानं. मराठीतही तसंच आहे. ज्याला घरात पुस्तकं मिळाली, चांगली शाळा मिळाली, ज्याची घरची बोली योगायोगानं पाठ्यपुस्तकाच्या भाषेजवळची निघाली, त्याला 'डोया' म्हणजे डोळा हे समजून घ्यायला एक सेकंद लागतो. आत्याला पन्नास वर्षांची जीभ बदलायला जन्म पुरणार नाही. समजून घेण्याचं ओझं आपल्यावर आहे, कारण आपल्याला ते हलकं आहे.

मग टोकायचंच नाही का?

टोकायचं. पण दिशा बघून.

सरकारी फलकावर, पाठ्यपुस्तकात, वर्तमानपत्राच्या मथळ्यात, कोट्यवधींच्या मालिकेच्या उपशीर्षकांत चुका असतील तर जरूर टोका, चारचौघांत टोका. तिथं पैसा आहे, माणसं नेमता येतात, आणि त्यांची चूक लाखो लोक नियम म्हणून उचलतात. औषधाच्या पाकिटावर, करारात, प्रश्नपत्रिकेत तर चुकीला अजिबात दया नको. 'मला मदत कर' च्या जागी 'माझी मदत कर' पसरतंय याची काळजी वाटत असेल, तर तीही रास्त आहे. हिंदीच्या साच्यात मराठी वाक्यं ओतली गेली की बोलण्याची एक पद्धतच हरवते. त्यावर लेख लिहा, रील बनवा, लोकांना ते आवडतं. फक्त एखाद्या मुलीनं बाप गेल्याची पोस्ट लिहिली असेल, तर तिच्या खाली तो विषय काढू नका.

काटेकोरपणाची दिशा वरच्या बाजूला असावी, सत्तेकडे आणि साधनांकडे. उदारपणाची दिशा खालच्या बाजूला. आपण बहुतेक वेळा मंत्र्याच्या चुकीच्या बॅनरपुढे गप्प असतो आणि रिक्षावाल्याच्या 'पानी' वर मीम बनवतो.

कोड रिव्ह्यूमध्ये आमच्याकडे एक साधी रीत असते. प्रोग्राम मोडेल अशी चूक असेल तर काम अडवायचं. फक्त मांडणीची, आवडीनिवडीची बाब असेल तर टिप्पणीच्या आधी 'निट' असं लिहायचं. म्हणजे 'बारीकसं आहे, जमलं तर बघ, काम अडवत नाही'. आणि चांगला रिव्ह्यूअर त्याहून आधी एक गोष्ट करतो: हा बदल कशासाठी केलाय हे समजून घेतो. मुद्दा न वाचता स्वल्पविरामावर बोलणाऱ्याचा रिव्ह्यू कुणी गंभीरपणे घेत नाही. मराठीत एवढं जरी उचललं तरी पुरे. आधी म्हणण्याला उत्तर द्या. मग वाटलंच, तर खाजगीत सांगा, आणि समोरच्यानं विचारलं असेल तर नक्की सांगा.

काटेकोर आणि उदार एकाच माणसात कसे नांदतात, याचा आपल्याकडचा दाखला चारशे वर्षांहून जुना आहे. ज्ञानेश्वरीच्या नकला होता होता तिच्यात पाठभेद शिरले होते. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, तिची शुद्ध प्रत तयार केली. दुसऱ्याचा शब्द जपायचा असतो तेव्हा अक्षर न् अक्षर तपासावं लागतं, हे त्यांना कळत होतं. याच एकनाथांच्या भारुडांत जोशी बोलतो, वासुदेव बोलतो, गोंधळी बोलतो, महार बोलतो, प्रत्येक जण आपापल्या जिभेनं. ग्रंथाच्या प्रतीला एक माप आणि माणसाच्या बोलण्याला दुसरं. एका माणसाला ही दोन्ही मापं जमली, कारण कुठलं कुठे लावायचं हे त्याला ठाऊक होतं.

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी लोक होते. त्यांतल्या फार थोड्यांनी आजवर चारचौघांसाठी काही लिहिलं असेल. छापखाना, संपादक, शहर, जात, पैसा, सगळे मध्ये उभे होते. आता फोन आल्यावर पहिल्यांदाच शेतातला, रिक्षातला, चुलीपुढचा माणूस स्वतःच्या हातानं लिहू शकतो. अशा वेळी दारात उभं राहून वेलांट्या तपासायच्या, की आत येऊ द्यायचं, हे आपणच ठरवतोय, रोज, एकेका प्रतिसादात.

मी स्वतः शुद्ध लिहिण्याचा प्रयत्न करतो. शब्द अडला की कोश उघडतो, पाठवण्याआधी दोनदा वाचतो. मला त्यात आनंद मिळतो आणि वाचणाऱ्याचा वेळ वाचतो. पण तो माझा उपास आहे. उपास धरणाऱ्यानं शेजारच्या पानातली भाकरी मोजायची नसते.